कोंबड्यांच्या ट्रकला मागे टाकताना

घड्याळजींची शंभर सीसीची मोटारसायकल गल्लीबोळांतून मासोळीसारखी सुळकन फिरायची. पण दर गुरुवारी त्यांना हायवेने चाळीस किलोमीटर जाऊन मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाला किल्ली द्यावी लागे. मागे बायको असायची, कारण शिडी धरायला त्यांचा दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता. मध्ये हत्यारांची पेटी. नवराबायको दोघंही खात्यापित्या घरची.

एका गुरुवारी पुढे कोंबड्यांचा ट्रक लागला. हेल्मेटच्या काचेवर पिसं चिकटायला लागली, तेव्हा घड्याळजींनी मूठ पूर्ण पिळली. गाडी थरथरली, किंचाळली, ट्रकच्या बरोबरीला आली आणि तिथेच राहिली. ना पुढे, ना मागे. ट्रकवाल्याने मान बाहेर काढली. "कुठे निघालात?" बायकोने ओरडून सांगितलं. त्यानेही घरची खुशाली सांगितली. मागच्या बसने भोंगा वाजवून वाजवून घसा बसवून घेतला. शेवटी ट्रकवाल्यालाच दया आली आणि त्याने ब्रेक मारून वाट दिली.

"अहो, ही गाडी बदला," घरी येताच बायको म्हणाली. "त्याच्या मुलीचं लग्न कुठे ठरलंय तेही मला कळलं, इतका वेळ आपण शेजारी होतो! जीव टांगणीला लागला होता माझा."

शोरूममध्ये केसांना चोपून जेल लावलेल्या विक्रेत्याने साडेसहाशे सीसीचं धूड दाखवलं. घड्याळजींचे डोळे लकाकले. ते वर चढले. जमिनीला टेकले फक्त पायांचे अंगठे. तरीही त्यांनी ऐटीत स्टँड काढला, आणि गाडी हळूहळू, अगदी सभ्यपणे, डावीकडे कलली. ते, विक्रेता आणि हेल्मेट घ्यायला आलेले एक आजोबा, तिघांनी ती धरली. कुणाला उचलता येईना, सोडताही येईना.

बायकोने माहितीपत्रक वाचून संपवलं आणि मग ती आली. "कमरेने नका उचलू, मांड्या लावा," ती म्हणाली, आणि खांदा लावून तिने गाडी उभी केली.

"मॅडम, ताकद बघा ना हिची!" विक्रेता धापा टाकत म्हणाला.

"ती आवरता आली पाहिजे ना! आम्ही दोघं, वर पेटी, वेग साठ आणि पुढे ट्रक. पटकन पुढे जाऊन परत आपल्या लेनमध्ये येईल अशी गाडी कुठली, ते सांग."

विक्रेत्याने डोकं खाजवलं. लोक त्याला मायलेज नाहीतर रंग विचारत. "साडेतीनशेची चालवून बघता? पण चाचणीला एकच जण..."

"रिकामी बैलगाडी ओढून दाखवली म्हणून कुणी बैल घेतं का?"

विक्रेत्याने गाडीची किल्ली पुढे केली. दोघं पेटीसकट निघाली. साडेतीनशेवर घड्याळजींची दोन्ही पावलं पुरती टेकत होती. हायवेला पाइपांचा ट्रक दिसला. त्यांनी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, मूठ पिळली. बायको मोजू लागली, "एक, दोन, तीन, चार..." पाचाला ट्रक मागे! मूठ अजून पिळायला शिल्लक होती.

"आता ब्रेक बघा," बायको म्हणाली. मागचा रस्ता मोकळा होताच घड्याळजींनी ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर सरळ थांबली. बायकोचं हेल्मेट मात्र त्यांच्या हेल्मेटवर खाडकन आपटलं.

"पास!" ती मागून ओरडली.

रंगावरून तेवढं वाजलं. त्यांना काळी हवी होती, तिला लांबून दिसेल अशी पिवळी. पिवळीच घरी आली.

पुढच्या गुरुवारी दोघं वीस मिनिटं आधीच पोचली. मनोऱ्याचं दार अजून उघडलं नव्हतं, म्हणून बायको पायरीवर बसून संत्रं सोलू लागली. घड्याळजी रुमालाने गाडीच्या दिव्यावरचे किडे पुसत होते. पुसून झाले, तरी तिसऱ्यांदा पुसायला उठले.

"अहो, बसा आता," ती फोड पुढे करत म्हणाली. "गाडी आहे ती, जावई नव्हे."