स्पर्शिकाजी

"टॅन्जंट," आरशात बघून हे म्हणाले. एका गालावर साबण तसाच. "टॅन्जंट. टॅन्जंट. झालं ना बरोबर?"

"अगदी साहेबासारखं," मी म्हणाले. "आता तो दुसरा गाल उरका, साबण वाळायलाय."

आमच्या ह्यांचं नाव उमाकांत, गाव परभणीकडचं. लग्न झाल्या झाल्या मला घेऊन जयपूरला आले ते कोचिंगमध्ये गणित शिकवायला, आणि मालवीय नगरच्या त्याच क्लासमध्ये केस पांढरे केले. हिंदी अशी बोलतात की भाजीवालाही ह्यांना इथलंच समजतो. अडचण एकाच शब्दाची. अकरावीच्या मुलांना डेरिव्हेटिव्ह पहिल्यांदा शिकवायचा दिवस उजाडला, फळ्यावरच्या वक्र रेषेला टेकून जाणारी ती सरळ रेष काढली, की ह्यांच्या तोंडून टॅन्जंट निघतच नाही. निघते ती स्पर्शिका. गावच्या शाळेत शेषराव गुरुजींनी वर्तुळाला चिकटवून दाखवलेली.

इकडच्या पोरांना वाटलं, ही कुणी मुलगीच असणार. "सर, ये स्पर्शिका कौन है?" असं पहिल्याच बॅचने विचारलं. हे लाजले, म्हणजे संशय पक्का! पुढे इथल्याच सोडाला भागातल्या बाजारात ह्यांचा एक विद्यार्थी माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "नमस्ते, स्पर्शिका मॅम." मी घरी येऊन अबोला धरला. खरा प्रकार कळला तेव्हा इतकी हसले की गॅसवरचा भात करपला. तेव्हापासून स्वारी खुशीत असली की मला 'स्पर्शिकाजी' अशी हाक यायची. अलीकडे ती बंद झाली होती.

कारण यंदा क्लासचे मालक नंदकिशोरजी यांनी ठरवलं, की हा पहिला धडा रेकॉर्ड करून सगळ्या शाखांत पडद्यावर दाखवायचा. ह्यांनी कॅमेऱ्यासमोर पुन्हा पुन्हा शिकवलं, आणि पुन्हा पुन्हा ऐन वेळी स्पर्शिका आडवी आली. "सर, पूरे राजस्थान के बच्चे देखेंगे. हँसी हो जाएगी," नंदकिशोरजी म्हणाले. आज ते स्वतः वर्गात बसून ऐकणार होते. जमलं तर धडा ह्यांचा. नाही जमलं तर दुसऱ्या कुणाकडून करून घेणार, आणि हे काउंटरवर मुलांच्या शंका सोडवत बसणार.

"तू मागच्या बाकावर बस," निघताना हे म्हणाले. "मी घसरायलो असं वाटलं की खोक."

मी बसले. इतकी वर्षं संसार केला, पण ह्यांना शिकवताना बघत होते ते आजच.

"नाहरगढ़ की सड़क पर मोड़ आता है," हे सांगत होते. "वहाँ स्कूटर फिसले, तो मोड़ के साथ नहीं घूमता. जिस बिंदु पर फिसला, वहाँ से सीधा जाता है."

मला ठाऊक नसेल तर कुणाला! नव्या स्कूटरवरून त्याच वळणावर आम्ही दोघं पडलो होतो. मी खरचटलेलं कोपर धरून रडत होते, आणि हा नवा नवरा काडी घेऊन धुळीत मला हीच रेघ काढून दाखवत होता. तेव्हा राग आला होता. आज त्या रागाचीसुद्धा आठवण गोड लागली.

ह्यांनी वक्रावर दोन बिंदू घेऊन जोडले. "अब दूसरे को पहले के पास सरकाओ. और पास. पर मिलाना नहीं." मग एक्सच्या वर्गाचं उदाहरण घेतलं, एक्स बरोबर एक या जागचं, आणि दोन बिंदूंमधल्या आडव्या अंतराला एच म्हटलं.

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, एच को आख़िर में ज़ीरो ही करना है, तो पहले ही कर दें?"

"तो ज़ीरो बटा ज़ीरो मिलेगा, बेटा. पहले एच से काटो, फिर एच को जाने दो."

काटल्यावर दोन अधिक एच उरलं. एच जवळजवळ नाहीसा होत गेला, आणि उरले दोन. त्या जागचा तेवढा चढ, हाच डेरिव्हेटिव्ह. मला, म्हणजे मला, कळलं!

मग ह्यांनी पट्टी धरली आणि ती रेघ ओढली. मुलं एकमेकांना कोपरं मारत होती. थोरल्या भावंडांकडून सगळ्यांनी ऐकलेलं असणार.

"और ये है इसकी स्प..."

मी खोकले.

"...इसका टॅन्जंट," हे म्हणाले. अगदी खणखणीत.

मुलांचे चेहरे पडले. घास तोंडाशी येऊन कुणी काढून घ्यावा तसे. नंदकिशोरजी मात्र उठून उभे राहिले. "बस, यही चाहिए था सर! अगले हफ़्ते रिकॉर्ड कर लेते हैं." जिंकलो होतो आम्ही.

तास संपला. ती पुढच्या बाकावरची मुलगी टेबलापाशी रेंगाळली. "सर, आपने वो वाला नहीं बोला. दीदी कहती थी, आप ज़रूर बोलोगे."

"वो?" हे हसले. "वो ग़लत था, बेटा. सुधार लिया."

चुकीचा नव्हता हो तो शब्द! शेषराव गुरुजींचा होता, ह्यांच्या गावचा होता, आणि इतकी वर्षं माझाही होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण नंदकिशोरजी माझंच अभिनंदन करत होते.

हे डस्टर घेऊन पाठमोरे झाले. फळा पुसून कोरा झाला, तरी पुसतच राहिले.