हातबांधाच्या खांबाला शेंदूर कुणी लावला?

मी एक जुना बाभळीचा खांब आहे, मित्रांनो. देव नाही. हे आधीच सांगून टाकतो. माझ्यापुढचा नारळांच्या करवंट्यांचा ढीग बघून तुम्हीही हात जोडाल, आणि मला नेमका त्याचाच संताप येतो.

अनेर नदीच्या काठावर मी वाढलो. १९११च्या पुरात काठ खचला आणि मी आडवा झालो. सुतार माझे नांगर करणार होता. तेवढ्यात तोतारामआबा आले. चोपडा तालुक्यातल्या एका लहान गावचे ते शेतकरी, आणि तालमीचे वस्ताद. त्यांनी माझ्या बुंध्यावर दोन थापा मारल्या, कान लावला आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "हाऊ मना शे," म्हणजे हा माझा. मला तालमीत पुरलं. छातीच्या उंचीवर दोन भोकं पाडली, त्यांत सागाच्या दोन सैल खुंट्या बसवल्या. ते माझे हात झाले.

त्या हातांवर आबा जी विद्या शिकवत तिला आमच्याकडे हातबांध म्हणत. समोरचा अंगाला भिडला, मारायला किंवा सुरा चालवायला जागा उरली नाही, म्हणजे ती सुरू होते. त्याचे दोन्ही हात त्याच्याच अंगावर असे अडकवायचे, की तो बांधला जावा आणि आपला एक हात मोकळा राहावा. ऐकायला सोपं वाटतं. माणसाची खोड अशी की हात दिसला की तो बोटांनी घट्ट आवळायचा. आवळला की समोरच्याला कळतं, तो हिसडा देतो, आणि तुमचंच मनगट त्याच्या ताब्यात जातं. म्हणून आबांनी माझ्या खुंट्या केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडावरच्या वाळक्या सालीने, बांधल्या. जोर लावला की सोपट तटकन तुटे. तुटलं की आबा ओरडत, "अरे, हात पकडू नको! चिकटी ऱ्हाय. मनगट बोलस, तू फक्त आयक!" सोपट न तुटता खुंटीवर खुंटी आडवी आली, की धडा संपला.

पोरं येत, मला ठोसत, घासत. माझी साल गेली, अंग गुळगुळीत झालं. ती माझी चैन होती, मित्रांनो. कामाच्या वस्तूला काम मिळालं की आणखी काय लागतं?

आबांचा सगळ्यांत दांडगा चेला छगन. कापसाची भरलेली गोणी एकटा उचलायचा. आबांनी त्याला आपली एकुलती एक लेक झुंबर दिली आणि घरजावई करून घेतलं. गडी मनाने वाईट नव्हता. पण त्याच्या हाताखाली रोज सोपट तुटे, आणि तो हसून म्हणे, "आबा, सोपट कच्चं शे." आबांना खरं काय ते कळत होतं. म्हणून त्यांनी एक गोष्ट केली, जी गावाला सांगितली नाही. दुपारी गडीमाणसं शेतात असत, तेव्हा ते झुंबरला तालमीत आणत. बापाने लेकीला डोळे बांधून शिकवलं. ती लहान चणीची. जोर आणणार कुठून? म्हणून ती ऐकायला शिकली. तिच्या हाताखाली आठ-आठ दिवस एकच सोपट टिके.

आता माझं वाटोळं कसं झालं ते ऐका. एका साली यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीला जाताना छगनने माझ्या पाया पडून कपाळभर शेंदूर मला फासला. तिथे तो जिंकला. जिंकला तो अंगाच्या ताकदीवर. समोरचा त्याच्या निम्मा होता! पण गावात बोभाटा काय झाला? खांबदेव पावला. झालं! तेल आलं, नारळ आले, हार आले. आबा होते तोवर त्यांनी लोकांना शिव्या घालून माझ्यावर सराव चालू ठेवला. ते गेले, छगन वस्ताद झाला, आणि पहिला हुकूम निघाला: "देवले ठोसा मारतस का कोनी?" माझ्या खुंट्यांना फुलं लटकू लागली. सोपट बदलायचं सुद्धा कुणाला सुचलं नाही. चेले रोज संध्याकाळी येत, कापूर जाळत, आरती म्हणत आणि घरी जात. त्याला ते तालीम म्हणत! मला तोंड असतं तर थुंकलो असतो.

फक्त झुंबर येई. भर दुपारी, दार ओढून. फुलं बाजूला काढी, नवं सोपट बांधी आणि बापाने शिकवलेलं सगळं घटवी. जाताना फुलं होती तशी ठेवी.

१९३८च्या नागपंचमीला, आमच्या गावच्या यात्रेत, पिंपळनेरचा रुपचंद तालमीपुढे हातबांध खेळायला आला. बारीक, काळा, हसऱ्या तोंडाचा. छगनने आधी मला ओवाळलं, मग दंड थोपटले. मित्रांनो, मी उभ्या जागेवरून बघत होतो. छगनने रुपचंदचं मनगट आवळलं, आणि पापणी लवायच्या आत त्याचे स्वतःचे दोन्ही हात त्याच्याच पोटावर आडवे अडकले होते. तीनदा खेळले, तिन्ही वेळा तेच. रुपचंदने त्याला सोडलं, पाठीवर थाप दिली आणि विचारलं, "छगनभाऊ, हात घरच इसरी उनात का?" सगळी यात्रा हसली.

दुसऱ्या दिवशी तालमीत गाव गोळा झालं. कुणी म्हणालं का, की आबा गेल्यापासून दोन वर्षं सराव केला नाही म्हणून हरलो? एकानेही नाही! गावातले जुने जाणते निंबानाना काठी आपटून म्हणाले, "देव कोपना. बाईना हात लागना देवले." म्हणजे मला बाईचा हात लागला म्हणून मी कोपलो! झुंबर दुपारची आत जाते हे कुणीतरी पाहिलं होतं. तिथल्या तिथे ठरलं: तिने माझ्यापुढे नाक घासायचं आणि पुन्हा तालमीची पायरी चढणार नाही अशी शपथ घ्यायची. तिने शपथ घेतली असती, तर आबांची विद्या आमच्या गावातून त्याच घटकेला संपली असती. गावात दुसऱ्या कुणालाच ती येत नव्हती.

झुंबर आली. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"नाक घस," छगन म्हणाला. त्याचा आवाज चोरटा होता.

"कसाले? हारनात तुम्ही, आन नाक मी घसू?"

दारात हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायांत खसखस पिकली. छगन लाल झाला. तिला खाली वाकवायला त्याने तिच्या मनगटाला हात घातला. झुंबरने मनगट मागे घेतलं नाही, उलट पुढे दिलं. मनगटाची पाठ त्याच्या हाताला चिकटवली आणि तो नेईल तिकडे गेली. त्याने घाईने दुसरा हात आणला. तो पहिल्यावरून आडवा आला मात्र, तिने दोन्ही एकावर एक दाबून त्याच्याच पोटाशी लावले. तिच्या एका हाताखाली त्याचे दोन हात. दुसरा हात मोकळा, उघडा, त्याच्या गळ्यापाशी थांबलेला. तिने मारलं नाही.

"सोड," तो कुजबुजला.

"सुटी जा ना. वस्ताद शेत ना तुम्ही?"

त्याने हिसडे दिले, घाम फुटला, सुटला नाही. मला वाटलं, आता तरी यांना समजेल! आणि निंबानाना काय ओरडले?

"देवी उनी! झुंबरना अंगमा देवी उनी!"

सगळी तालीम धडाधड पालथी पडली. जी माणसं क्षणापूर्वी तिचं नाक घासायला निघाली होती, तीच तिच्यापुढे कपाळ घासत होती. तिला शिकलेली बाई म्हणायला त्यांची जीभ रेटेना; देवी म्हणायला मात्र एका पायावर तयार!

झुंबरने छगनला सोडलं. ती रागाने कडाडली, "नाना, मना अंगमा कोनी नही उनं! बारा वरीस भर दुपारले घाम काढा, तो दिखना नही का तुमले?"

कुणी ऐकेना. शेजारची शेवंताबाई हंडा ठेवून पुढे आली आणि पाया पडायला वाकली. तिचे हात पायापर्यंत पोचलेच नाहीत. झुंबरने ते वाटेतच धरून एकावर एक अडकवले.

"आधी हाई सोडाव. मंग पाया पड."

"अवं माय, मन्या बांगड्या फुटतीन ना!"

"मांगे सार बांगड्या. आन ओढू नको. ढिला सोड हात."

शेवंताबाईने ओढलं, नाही जमलं. पुन्हा ओढलं. मग थकून हात ढिला सोडला, झुंबरने सांगितलं तसं कोपर वळवलं, आणि एक हात सुटला. ती आपल्या हाताकडे बघतच राहिली. पाया पडायचं विसरली. "आखो एकदाव धर," हात पुन्हा पुढे करत ती म्हणाली.

त्याला आता आठ वर्षं झाली. पुरुष अजून संध्याकाळी माझ्यापुढे कापूर जाळतात. दुपारी मात्र पाच-सात बाया येतात, हार खुंटीवरून काढून कोनाड्यात टाकतात आणि मला धडाधड ठोसतात. छगन कधीमधी दाराबाहेर बसून ऐकतो. आत यायला त्याचा ताठा आडवा येतो.

मित्रांनो, तुमच्याही गावात असा एखादा खांब असेल, लेझीम असेल, जुनी पोथी असेल. तिच्यावर शेंदूर फासू नका. तुमच्यात कुणाला काही येत असेल, तर त्याच्या पाया पडून पळ काढू नका. त्याच्यासमोर बसा, शिका, चुका. नमस्कार लांबूनही होतो. पण लांब उभ्या असलेल्याला मी काय शिकवणार? पुढे या. मला हात लावा.