यंदा चेचीच्या घरी कढई नाही

भिंतीवरच्या खिळ्यावरून बोलतोय मी, फुलाचा साचा. चकलीचा सोऱ्या नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पाहुणे हटकून तीच चूक करतात आणि मला राग येतो. मला लांब दांडा आहे आणि दांड्याच्या टोकाला पाकळ्यांचं बिडाचं फूल. आधी मला कढत तेलात तापवायचं, मग पिठात बुडवायचं, पण काठ बुडू द्यायचा नाही. पुन्हा तेलात धरायचं आणि हलकेच झटकायचं. माझ्या अंगावरून एक कुरकुरीत जाळीदार फूल सुटतं आणि तेलावर तरंगायला लागतं. केरळची माणसं त्याला अचप्पम म्हणतात. भिलाईच्या सेक्टर १० मधल्या आमच्या गल्लीत त्याला सरळ ‘क्रिसमसचं फूल’ म्हणतात.

माझा जन्म मात्र केरळचा नाही, भिलाईजवळच्या हथखोज या कारखान्यांच्या वस्तीतला. त्याचं असं झालं. सारम्मा लग्न होऊन भिलाईला आली तेव्हा आईचा पितळी साचा घेऊन आली होती. पुष्कळ वर्षं चालला आणि एका डिसेंबरात मधोमध तडकला. तिचा नवरा थॉमस भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये होता. त्याने डबा खाताना ही गोष्ट सहज सांगितली. ऐकणारे दोघे शेजारी होते. एक जानराव, भंडाऱ्याकडचा बौद्ध माणूस, घरात बुद्ध आणि बाबासाहेब यांच्याखेरीज तिसरी तसबीर लावू न देणारा. दुसरा केवलराम, साकोलीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, टिळा लावल्याशिवाय ड्युटीवर न जाणारा. दोघांनी थॉमसकडून तो तडकलेला साचा गुपचूप मागून घेतला आणि केवलरामच्या ओळखीच्या एका लहानशा ओतकामाच्या कारखान्यात त्याच्यावरून मला ओतून घेतलं.

मी निवत पडलो होतो तेव्हा माझ्या आजूबाजूला पंपांची झाकणं होती आणि व्हॉल्व्हची बोडकी तोंडं. त्यांच्यात मी एकटाच फूल. सगळी मला हसत होती. हसोत बापडी. त्यातलं एक तरी आज कोणाच्या स्वयंपाकघरात आहे का?

तेव्हापासून दर नाताळाच्या आदल्या दिवशी सारम्माच्या स्वयंपाकघरात तीन बायका माझ्याभोवती जमतात. सारम्मा पीठ कालवते, तांदळाचं, नारळाच्या दुधात. जानरावची बायको ललिता मला धरते, तिचा हात स्थिर आहे. केवलरामची बायको सिंधुताई डबे भरते आणि सूचना करते. सिंधुताई अंडं खात नाही, म्हणून पहिला घाणा बिनअंड्याचा निघतो. एका वर्षी हा आदला दिवस नेमका तिच्या मार्गशीर्षातल्या गुरुवारी आला. उपास होता, तरी दिवसभर गॅसपाशी उभी राहिली आणि संध्याकाळी लक्ष्मीला नैवेद्य दाखवून झाल्यावर त्याच ताटात फूल घेऊन बसली. तिच्या लक्ष्मीची काही तक्रार आल्याचं माझ्या कानावर नाही.

सारम्माला दोघी चेची म्हणतात. चेची म्हणजे थोरली बहीण. हे त्यांना तिनंच शिकवलं.

नाताळ झाला की मी वर्षभरासाठी तिघींपैकी एकीच्या घरी राहतो, आळीपाळीने. गेल्या नाताळापासून मी ललिताकडे होतो. त्यामुळे पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

पोळ्याच्या सुमाराला थॉमस गेला. सकाळी पेपर वाचता वाचता गेला. मोठ्या आवाजाचा माणूस होता. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत जानरावच्या मंडळाचे साउंडबॉक्स उचलायला तो सगळ्यांत पुढे असायचा. मुलगी परदेशातून आली, काही दिवस राहिली आणि परत गेली. नाताळाला तिला सुट्टी मिळणार नव्हती. शेजारची भिंत एकदम गप्प झाली. मला त्या शांततेचा फार त्रास व्हायचा.

डिसेंबर लागला आणि गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. ललिताचा मुलगा पियूष जेवता जेवता तो वाचून दाखवत होता.

“लिखा है, अपने त्योहार अपने तक रखो. जो अपना नहीं, वो मत मनाओ. कोपऱ्यावरच्या क्वार्टरवाल्या अंकलनं टाकला. मम्मी, इस साल रहने दो ना. कावून लफड्यात पडता?”

जानरावांनी घास खाली ठेवला. “मी कोणता सण करावा हे मले सांगणारा तो कोण? कोणत्या विहिरीचं पाणी प्यावं हे बी सांगत होते लोकं आमच्या बापाले. ऐकलं काय आमी?”

“पण पप्पा, तुम्ही तर येशूले मानतच नाही.”

“नाईच मानत. थॉमसले मानत होतो.”

पियूषनं मोबाईल उलटा ठेवला. ललिताने त्याच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, “यंदा चेचीच्या घरी कढई नाई चढत. आपल्याच घरून जाईल.”

याचा अर्थ मला ठाऊक होता. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी वर्षभर सणाला तळण करत नाहीत, ही मराठी घरांची जुनी रीत. दिवाळीला शेजारीपाजारी, सोयरेधायरे त्या घरी फराळ नेऊन देतात. आणि सांगून नेत नाहीत, कारण सांगणं म्हणजे जखमेला हात लावणं.

जानराव म्हणाले, “आपण सुतक-बितक सोडलं ना?”

“हे सुतक नव्हे जी,” ललिता म्हणाली. “शेजार आहे.”

चूक झाली ती इथे. रीत ललिताची, दुःख सारम्माचं. आणि सारम्माला कोणी विचारलंच नाही.

नाताळ दोन दिवसांवर आला तेव्हा दुपारी सारम्मा मागच्या दाराशी आली. वाळली होती. हात धुऊन आल्यासारखे पदराला पुसत होती.

“ललिता, साचा दे ना. कल बनाऊँगी.”

ललिता गोंधळली. “चेची, यंदा नको. राहू द्या तुमी.”

“क्यों?”

“नको म्हणजे नको. यंदा तुमच्या घरी नाई करायचं.”

सारम्मा तिच्याकडे बघत राहिली. मग नजर पियूषच्या मोबाईलवर गेली, तो चार्जिंगला लावलेला होता. “अच्छा,” एवढंच म्हणाली आणि वळली. तिच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला. दुपारी ती कधी कडी लावत नाही.

मला तिथल्या तिथे खिळ्यावरून उडी मारावीशी वाटली. अगं ललिता, तिला ते वेगळंच वाटलं! तिलाही तो मेसेज आला असणार! पण माझं तोंड फक्त पाकळ्यांचं. इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं. चांगलं करायला निघालेली माणसं एकमेकांना किती सहज दुखावतात, हे मी त्या दुपारी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुताई आली, कंबर खोचून. दरवर्षी मला आवरून ठेवायचं काम सारम्माचं असतं. ती मला कागदाने पुसते, तेलाचा हात लावते, बस. सिंधुताईला हे माहीत नव्हतं. तिने मला साबण लावला. मग तारेच्या घासणीने पाकळी न् पाकळी घासली. “काय काळाकुट्ट झाला हा! चेचीसाठी कसा लख्ख पाहिजे.” इतक्या वर्षांचं मुरलेलं तेल मोरीतून वाहून गेलं. मी उघडा पडलो. शिव्या येत असत्या तर दिल्या असत्या, पण तिचा चेहरा इतका मन लावून घासणाऱ्याचा होता की राग टिकला नाही.

मग व्हायचं तेच झालं. ललिताने मला तापवलं, पिठात बुडवलं, तेलात धरलं, झटकलं. फूल सुटेना. पुन्हा झटकलं. अर्धं तुटलं, अर्धं मला चिकटून करपलं.

“अवो, हा तं सोडूनच नाई राहिला!” सिंधुताई ओरडली.

“पीठ पातळ झालं काय?”

“मंग घाल अजून पीठ.”

पीठ घातलं. आता फुलाऐवजी भजी निघायला लागली. स्वयंपाकघर धुराने भरलं. ललिताच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं असेल, पण मला तसं वाटत नाही.

तेवढ्यात मागचं दार ढकलून सारम्मा आत आली. करपल्याचा वास भिंतीपलीकडे गेला होता.

“क्या जला रहे हो?” तिने मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अय्यो! इसको साबुन किसने लगाया?”

सिंधुताईने हळूच घासणी मागे लपवली.

मग सारम्माची नजर ओट्यावर गेली. नारळाचं दूध, काळे तीळ आणि शेजारी लाल रिबीन बांधलेला मोठा रिकामा डबा.

“ये किसके लिए?”

“तुमच्यासाठी, आणखी कोणासाठी?” सिंधुताई म्हणाली. “आमच्यात ज्याच्या घरचं माणूस जाते, त्याच्या घरी वर्षभर कढई चढत नाई. आपण नेऊन द्यायचं असते. म्हणून तं ललितानं साचा नाई दिला तुमाले.”

सारम्मा स्टुलावर बसली. 

“मैंने सोचा, तुम लोग डर गए,” ती म्हणाली. “रात भर यही सोचा.”

ललिताने गॅस बंद केला आणि तिच्यापाशी जमिनीवर बसली. “चेची, असं कसं वाटलं तुमाले?”

“भेव वाटलं नाई असं मी म्हणत नाई,” सिंधुताई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. “माह्या घरी बी बोलणं झालं, नको जाऊ म्हणून. पण भेव वाटते म्हणून तुमाले एकटं बसू देऊ?”

सारम्माने डोळे पुसले. “हमारे में ऐसा नहीं है, सिंधु. थॉमस के बाद मैंने एक बार भी तेल नहीं चढ़ाया. एक आदमी के लिए क्या तलना? क्रिसमस का रास्ता देख रही थी. तुम दोनों आओगे, झगड़ा करोगे, घर में आवाज़ होगा.”

आता खरा पेच पडला. ललिता सारम्माकडे बघे, सारम्मा ललिताकडे. रीत मोडावी तर सिंधुताईच्या जिवाला घोर. पाळावी तर सारम्माचं घर आणखी एक सण गप्प राहणार.

सिंधुताईने नाकावरचा घाम पुसला. “मी सांगू काय? कढई ललिताची घेऊ. ते चेचीच्या गॅसवर ठेवू. मंग चेचीची कढई चढली, असं होतच नाई!”

बाहेर जानराव मोठ्यानं हसले. “सिंधुताई, तुमाले तं युनियनमध्ये पाहिजे होतं!” आणि कढई निवल्यावर त्यांनी स्वतः ती उचलून शेजारी नेली. सारम्माच्या पडवीत नाताळचा कागदी तारा लावायचा राहिला होता. तो दरवर्षी थॉमस लावायचा. जानराव काही न विचारता खुर्चीवर चढले आणि त्यांनी तो लावला. वाकडा लागला. कोणी सरळ केला नाही.

सारम्माने मला गरम तेलात बराच वेळ नुसतं ठेवलं. तेल हळूहळू माझ्या अंगात परत गेलं. पहिली काही फुलं मोडली, ती जानरावांनी उभ्या उभ्या खाल्ली. मग एक सबंध सुटलं. ते तेलावर गोल फिरायला लागलं तेव्हा तिघी एकदमच बोलायला लागल्या आणि सारम्माच्या भिंतींना पुन्हा कंठ फुटला. मला इतका आनंद याआधी कधी झाला नव्हता.

संध्याकाळपर्यंत डबे भरले. सारम्मा एकेका घरासाठी ताटली भरू लागली. कोपऱ्यावरच्या क्वार्टरची ताटली भरताना सिंधुताईने तिचा हात धरला.

“मथुराच्या घरी नको. तिच्याच नवऱ्यानं टाकला होता तो मेसेज.”

“हर साल जाता है,” सारम्मा म्हणाली.

“मंग आमी येतो संगं.”

“नहीं. सब लोग जाएँगे तो उसको लगेगा, लड़ने आए हैं.”

ती एकटी गेली. जानराव फाटकाशी जाऊन उभे राहिले. ललिता आणि सिंधुताई गॅसपाशी नुसत्याच थांबल्या. मी तेल निथळत कढईच्या काठावर होतो. दार बंद झाल्याचा आवाज येतो का, हे सगळेच ऐकत होतो. आला नाही.

सारम्मा परत आली. हातातली ताटली तिने ओट्यावर ठेवली. ताटलीत मूठभर साखर होती आणि अंगणातले दोन पेरू.

“काय म्हणाली मथुरा?” ललिताने विचारलं.

“कुछ नहीं. बोली, रुकिए. ताटली लेके अंदर गई.”

“अन् नवरा?”

“सामने बैठा था. मेरी तरफ देखा नहीं.” सारम्मा जराशी हसली. “लेकिन एक फूल उठाके खाया.”

त्या साखरेकडे त्या दोघी किती वेळ बघत होत्या! शेजारची ताटली रिकामी परत करायची नसते, हे या गल्लीतल्या प्रत्येक बाईला तिच्या आईने शिकवलं आहे. भंडाऱ्यात, केरळात, मथुराच्या गावातही.

आता मी सारम्माच्या भिंतीवर आहे, तेलाचा हात लावून. वर्षभर तिच्याकडेच राहणार, असं तिघींनी ठरवलं आहे. वेगवेगळ्या देवांची आणि देव न मानणारी माणसं नाताळ का करतात, ते मला नीटसं सांगता येणार नाही. मी बिडाचा आहे, माझी अक्कल पाकळ्यांपुरती. पण एक मागणं आहे. तुमच्या दारी कोणाच्या सणाची ताटली आली, तर तो सण आपला आहे का, याचा विचार नंतर सावकाश करा. आधी घरात जाऊन बघा, परत पाठवताना तिच्यात घालायला काय आहे.