पन्नास सेकंदांचा भाता

गुरुवारी दुपारी चार वाजले की भोकरदनच्या एका कॉलेजच्या रेडिओवर मोनालीचा आवाज लागायचा. 'नवे सूर' हा तिचा कार्यक्रम. शास्त्रीय संगीत, पण आजचं, जिवंत माणसांनी आत्ता रचलेलं. आता बोला! गाव रेडिओ लावतं सोयाबीनचा भाव ऐकायला, आणि ही बी.एस्सी.ची पोरगी सांगणार की पियानोच्या तारांत स्क्रू अडकवूनही वाजवतात. गाढवापुढं वाचली गीता, असं वर्गातली पोरं तिच्या तोंडावर म्हणायची. तिला राग यायचा, कारण पोरं खोटं बोलत नव्हती.

दोन वर्षांत श्रोत्याचा म्हणावा असा फोन आला तो एकच, पिंपळगाव रेणुकाईच्या तातेराव गुरुजींचा. शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेला माणूस. रेडिओ नीट लागावा म्हणून अंगणातल्या लिंबाला तांब्याची तार बांधून ऐकायचे. म्हणाले, "ताई, मला वाटायचं आपणच येडे हाओत. तुमचं ऐकलं अन् बरं वाटलं."

गुरुजी चाळीस वर्षं पेटीवर स्वतःचं काहीबाही रचत होते. वह्याच्या वह्या भरल्या होत्या, ऐकणारं कोणी नव्हतं. मोनाली रेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी गेली. बारा मिनिटांची रचना होती. निम्म्यावर आल्यावर गुरुजींनी पट्ट्यांवरची बोटं उचलली आणि नुसता भाता हलवत राहिले. सूर नाही, फक्त हवेचा आवाज, आत-बाहेर. पन्नास सेकंद. मग एकच सूर लागला, मंद, आणि मोनालीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नंदाबाई गेली तवा दवाखान्यात तिचा श्वास असाच चालायचा," गुरुजी बायकोबद्दल म्हणाले. "आठ दिवस उशाशी बसून मी तेच ऐकून राह्यलो. मंग हे बसवलं. भात्यानंतरचा सूर तिचा हाये, पोरी. भाता कापला तर तो सूर लागतच न्हाई."

"एक सेकंद कापणार न्हाई, गुरुजी," मोनालीनं शब्द दिला.

पण दिवाळीनंतर गुरुजींनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी सुनेला, वंदनाला, बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. इकडे रेडिओचे प्रमुख राधेश्याम सर मोनालीला म्हणाले, "पोरांना स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शन पायजे. पुढच्या गुरुवारी तुझा शेवटचा कार्यक्रम." सर वाईट नव्हते, पण मोनाली रुसली ती रुसलीच. आठ दिवस सरांशी चकार शब्द बोलली नाही.

शेवटच्या गुरुवारी तिनं गुरुजींची रचना लावायचं ठरवलं. दुपारी फोन केला. वंदना म्हणाली, "सकाळपासून इचारून राह्यले, चार वाजले का म्हणून. रेडिओ उशाशीच ठेवलाय."

त्या स्टुडिओत माईकच्या वर एक पुठ्ठा टांगलेला होता. दहा सेकंदांच्या वर शांतता पडली की निवेदकानं माईक उघडून त्यावरचं वाक्य म्हणायचं, हा नियम. लाइट जायची, कॉम्प्युटर अडकायचा, त्यामुळे दोन वर्षांत मोनालीनं ते वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेत विचारलं तरी म्हणाली असती. आजच्या भात्याचं सरांना आधी सांगून ठेवायला हवं होतं. पण सांगणार कोण? बाईसाहेब रुसलेल्या.

चार वाजता तिनं गुरुजींचं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं आणि रचना लावली. सहा मिनिटं पेटी वाजली. मग भाता सुरू झाला. हेडफोनमध्ये मोनालीला श्वास स्वच्छ ऐकू येत होता. बाहेर ऑफिसातल्या रेडिओवर मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. सर धावत आले. त्यांनी काच वाजवली, पुठ्ठ्याकडं बोट केलं, परत काच वाजवली. मोनालीनं मान हलवून नाही म्हटलं. सर आणखी जोरानं काच ठोकू लागले. ती गडबडली आणि तिचा हात आपोआप माईकच्या बटणावर गेला.

"श्रोतेहो, तांत्रिक बिघाडामुळे कार्यक्रमात व्यत्यय आला आहे. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

नंदाबाईचा सूर 'दिलगीर'च्या खाली आला आणि निघून गेला. तो कोणालाही ऐकू आला नाही.

उरलेली रचना संपेपर्यंत मोनाली तशीच बसून राहिली. बाहेर आल्यावर तिनं सरांना सगळं सांगितलं. सर खुर्चीत बसले. "आधी सांगायचं ना, बाई," म्हणाले. मग उठत म्हणाले, "सहाला परत लावू. पूर्ण. मी कुणाला आत येऊ देत न्हाई."

मोनालीनं लगेच पिंपळगावला फोन लावला. वंदनानं उचलला. मागून रेडिओचा आवाज येत नव्हता.

"त्यांनी रेडिओ बंद केला, ताई. दोन महिने झाले, हात उठत न्हाई त्यांचा. तरी सोता उचलून बंद केला."

"काही म्हणाले का?"

"म्हणाले, पोरगी बराबर बोलली. चाळीस वर्षांचा बिघाडच व्हता."

"वहिनी, सहाला परत लावणार हाओत. त्यांना सांगा. माझी चूक झाली म्हणून सांगा."

"आत्ताच सांगते," वंदना म्हणाली. फोन चालूच होता. आतून तिचा आवाज आला, एकदा, मग दुसऱ्यांदा. परत आली तेव्हा हळू बोलत होती. "भिंतीकडं तोंड करून झोपलेत. न्हाई लावायचा म्हणतेत."

सहाला रचना लावली. सर दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. पन्नास सेकंद भाता चालला, कोणी मधे आलं नाही, आणि त्यानंतरचा सूर अगदी जागच्या जागी लागला. शनिवारी गुरुजी गेले. उशाजवळचा रेडिओ गुरुवारपासून कोणी लावलाच नव्हता.