पिंपवाल्या थर्लोचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. मार्लकोव्ह नावाच्या बंदरगावात, धक्क्यावरून वर चढणाऱ्या गल्लीत, लाकडी पिंपं घडवणाऱ्या अबायजा थर्लोच्या घराला मी त्याच्या लग्नापासून त्याच्या मरणापर्यंत होतो. दरवाजाने बोलायचं नसतं. दोन्ही बाजूंचं ऐकायचं आणि गप्प राहायचं, हाच त्याचा धर्म. पण माझं लाकूड आता भुसभुशीत झालंय. म्हटलं, आहे तोवर सांगून टाकावं.

माझा जन्म पाइनच्या झाडातून झाला. त्या काळी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सवर इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं आणि रानातली जाड, सरळ पाइनची झाडं राजाच्या आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी राखलेली असत. बुंध्यावर कुऱ्हाडीने बाणाची खूण केलेली असे. खुणेचं झाड तोडलं की दंड. त्यामुळे गावातल्या घरांत रुंद फळी अशी दिसायची नाही, निदान पाहुण्याच्या नजरेला पडेल अशा जागी तरी नाही.

अबायजाचं लग्न ठरलं तेव्हा त्याने आणि समोरच्या घरातल्या ओबेड पिंकमने मिळून मला घडवलं. ओबेड जहाजांची शिडं शिवायचा. दोघे लहानपणापासूनचे सोबती. माझी मधली फळी कायद्यात बसेल त्यापेक्षा चांगली चार बोटं रुंद होती. ओबेडने तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, राजाची एक डोलकाठी कमी झाली, आता आरमार बुडणार आणि त्याचं पाप अबायजाच्या बायकोच्या माथी. अबायजा इतका हसला की हातातली खिळ्यांची वाटी सांडली.

गल्ली अरुंद होती. ओबेडचं दार माझ्या बरोबर समोर. इकडे मक्याची भाकरी भाजली की तिकडे वास जायचा, आणि वासामागोमाग अबायजाची बायको मेहिटाबेल चतकोर भाकरी घेऊन जायची. अशी बरी वर्षं गेली.

मग राजाचा खजिना लढायांनी रिता झाला आणि जकातीचा जाच सुरू झाला. फ्रेंच बेटांवरून काकवी चोरून आणायची आणि तिची रम गाळायची, हा आमच्या साऱ्या किनाऱ्याचाच धंदा. काकवी यायची पिंपांतून. म्हणजे संशय आधी पिंपवाल्यावर.

जकातवाले आले तेव्हा मेहिटाबेल ओली बाळंतीण होती. अबायजा कडी काढतच होता, पण तेवढा धीर त्यांना धरवला नाही. पहिल्याच लाथेत माझी कडी उखडली आणि खालची बिजागरी वाकली. आत आल्यावर मात्र त्यांचा अधिकारी सभ्यपणे बोलला. त्याने खिशातून झडतीचा परवाना काढला. अबायजाला वाचता येत होतं. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली.

"यात माझं नाव कुठाय?"

"कुणाचंच नाही," अधिकारी म्हणाला. "म्हणून तर तो कुठल्याही घरात चालतो."

त्यांनी मेहिटाबेलला उठवून भिंतीशी उभं केलं. गादी उसवली, पाळणा उलटा केला, पिठाच्या डब्यात काठी घालून पाहिली. सापडलं काहीच नाही. जाताना अधिकाऱ्याने टोपीला हात लावून निरोप घेतला. त्यानंतर किती तरी महिने मेहिटाबेल भरदिवसाही माझी कडी लागलीय का ते येऊन बघायची. चुलीवर काही शिजत असलं तरी मध्येच उठून यायची.

मला दुरुस्त केलं ओबेडने. अबायजा उसवलेली गादी भरत बसला होता. बिजागरी सरळ करताना ओबेड म्हणाला, "चोर असते तर कोतवालाकडे गेलो असतो. इथे कोतवालच आला. आता जायचं कुठे?"

ही गोष्ट अबायजाने सगळीकडे सांगितली. खानावळीत सांगितली, चर्चच्या पायरीवर सांगितली, पिंप घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला पैसे घ्यायच्या आधी सांगितली. त्यात खोटं काही नव्हतं. पण सांगता सांगता तो रागाला जपायला लागला, जसं कुणी दुखरा दात जिभेने चाचपत राहतं. लोक त्याला मान द्यायला लागले. राजाच्या मालावर बहिष्कार पडला, त्याच्या जकातीचा चहा पिणं गद्दारी ठरलं आणि गावात नजर ठेवायला समिती नेमली गेली. समितीत पहिलं नाव अबायजा थर्लोचं आलं. ज्याचं दार फुटलं त्याच्याइतका हक्काचा माणूस दुसरा कोण?

ओबेड राजाच्या बाजूचा होता असंही नाही. पण बॉस्टन सोडून जाणाऱ्या राजाच्या गव्हर्नरला काही व्यापाऱ्यांनी मानपत्र दिलं, त्यावर त्याने सही केली होती. गव्हर्नर कसाही असला तरी जाणाऱ्या माणसाला शिव्या घालून पाठवू नये, एवढंच त्याचं म्हणणं. समितीने त्याला भर सभेत माफी मागायला सांगितली. माफी लिहून तयारच होती, त्याने फक्त वाचायची. ओबेड म्हणाला, "सही माझी होती, माफी तुमची आहे. तुम्हीच लिहिलीत, तुम्हीच वाचा."

लोक हसले, आणि ते हसणंच त्याला महागात पडलं.

एका दुपारी समितीची माणसं गल्ली चढून आली. अबायजा घरातच जेवत होता. हाक आली तसा तो उठला, पिंपाच्या लोखंडी पट्ट्या ठोकायचा हातोडा घेतला आणि माझ्यातून बाहेर पडला. मेहिटाबेल त्याच्या मागे दारापर्यंत आली. ती त्याला थांबवेल असं मला वाटलं होतं. ती माझ्या चौकटीला धरून उभी राहिली.

समोरचं दार बंद होतं. आतून ओबेडचा आवाज आला.

"अबायजा, तूही आहेस ना त्यात? परवाना आहे का, तेवढं सांग."

अबायजाने एकदा मागे वळून पाहिलं. त्याने मला पाहिलं की बायकोला, ते मला सांगता येणार नाही. मग तो म्हणाला, "समितीला परवाना लागत नाही."

"जकातवाल्यांकडे निदान बिननावाचा तरी होता रे," ओबेड म्हणाला.

त्याच हातोड्याने ते दार फुटलं. मी लाकूड आहे, लाकडाचा आवाज मला कळतो. आत गाद्या उसवल्याचं ऐकू आलं, भांडी पडल्याचं ऐकू आलं. ओबेडची बायको पोटदुखीवर म्हणून चहाची लहानशी डबी लपवून ठेवायची, ती सापडली. समितीला तेवढं पुरलं. चहा गल्लीत ओतला आणि ओबेडचं नाव देशाचा वैरी म्हणून चर्चच्या दारावर लागलं. अबायजा घरी आला, ताटावर बसला आणि त्याने उरलेलं जेवण संपवलं.

त्यानंतर ओबेडकडे कुणी शिडं शिवायला टाकेना. पिठाच्या गिरणीवर त्याचं दळण घेईनात. पुढच्या वसंतात त्याने हॅलिफॅक्सला, राजाच्या मुलखात जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी तो गल्ली ओलांडून आला. त्याच्याबरोबर त्याची धाकटी मुलगी टॅमसिन होती. त्याने माझ्यावर बोटाच्या पेराने टकटक केली, हलकेच, कुणी झोपलं असेल तर जाग येऊ नये अशी.

अबायजा आत, माझ्यापासून दोन पावलांवर उभा होता. मेहिटाबेल उठली. त्याने मान हलवून नको म्हटलं. ती उभीच राहिली. बाहेर ओबेड थोडा थांबला. मुलीने विचारलं, घरात कुणी नाही का? तो म्हणाला, "आहेत गं. कामात असतील." आणि ते धक्क्याकडे उतरून गेले.

माझ्या आयुष्यात मी कितीदा उघडलो, मिटलो, त्याचा हिशेब नाही. लाथ घालणाऱ्यांसाठी मी उघडलो. त्या सकाळी मात्र माझी कडी कुणी काढली नाही. माझी कडी मला काढता येत नाही, पण याचं दुःख व्हायला हात असावे लागतात असंही नाही.

युद्ध झालं. राजा हरला. पिंकमचं घर सरकारजमा होऊन लिलावात गेलं. घेणाऱ्याने ते पाडून तिथे मिठाचं कोठार बांधलं. माझ्यासमोर आता कोरी भिंत आली. अबायजा सकाळी मला उघडून काही वेळ त्या भिंतीकडे बघत उभा राहायचा, आणि मग कामाला लागायचा.

पुढे तेरा राज्यांचा एक देश करायचं ठरलं. त्याची नवी घटना लिहून झाली, आणि ती मान्य करायची की नाही ते ठरवायला बॉस्टनला सभा भरली. गावाचा प्रतिनिधी म्हणून निघाला होता एल्कना बार्कर, जुना जहाजमालक आणि समितीतलाच माणूस. जाण्याआधी तो घरोघर फिरून विचारत होता. जो तो आपलं दुखणं सांगायचा. एल्कनाचं स्वतःचंही होतं: त्याचं जहाज राजाच्या कोर्टाने जप्त केलं तेव्हा न्यायाला शेजारपाजारचे बारा पंच नव्हते, एकटा पगारी न्यायाधीश होता. म्हणून त्याला पंचांचा हक्क लिहून हवा होता. एका विधवेच्या बॉस्टनच्या घरात राजाचे शिपाई मुक्कामाला ठेवले होते, तिला ते पुन्हा नको होतं. कुणाला छापखान्यावर बंदी नको होती. यातलं जवळजवळ काहीच त्या नव्या घटनेत नव्हतं.

एल्कना माझ्या उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "तुझं काय ते ठाऊकच आहे. घराची झडती. तुझ्या दाराची गोष्ट साऱ्या गावाला पाठ आहे. तीच सांगतो तिथे."

"नको," अबायजा म्हणाला. "पिंकमच्या दाराची सांग."

एल्कना उंबरा ओलांडून आत आला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, की राजाच्या माणसांनी केलं ते सांगितलं तर सभा ऐकेल. आपण केलेलं कशाला उकरायचं? पिंकम तर गद्दार होता.

"राजाची माणसं आता यायची नाहीत, एल्कना," अबायजा म्हणाला. "आता येणार ते आपणच. म्हणून लिहून घ्यायचंय."

एल्कनाने त्याच्या खांद्यावर थोपटलं, आणि बॉस्टनला जाऊन थर्लोच्याच दाराची गोष्ट सांगितली. परत आल्यावर म्हणाला, लोकांनी पाय आपटून दाद दिली. पण त्या सभेने सुचवलेल्या दुरुस्त्यांत पंचांचं आलं, झडतीचं काही आलं नाही. ते दुखणं इतर राज्यांनीही मांडलं होतं म्हणून बरं. काही वर्षांनी घटनेला कलमं जोडली गेली, त्यांत ते होतं: शपथेवर सांगितलेलं सबळ कारण असल्याशिवाय परवाना नाही, आणि परवान्यात कुठली जागा, कोण माणूस, कुठली वस्तू, ते स्पष्ट लिहिलेलं हवं.

वर्तमानपत्र आलं तेव्हा अबायजाने माझ्याजवळच्या उजेडात बसून ते मेहिटाबेलला वाचून दाखवलं. तिने शिवण खाली ठेवली.

"हे मागच्या गोष्टींना लागू होतं का?" तिने विचारलं.

"नाही."

तिने शिवण पुन्हा उचलली. मेहिटाबेल त्यानंतरच्या हिवाळ्यात गेली.

बऱ्याच वर्षांनी, व्यापाऱ्याच्या गलबतातून आलेली एक बाई गल्ली चढून आली. तिने मिठाच्या कोठाराकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि मला ठोठावलं. अबायजा आता काठीशिवाय चालत नव्हता. तरी स्वतः उठून त्याने कडी काढली. तिने विचारलं, इथे समोर पिंकमचं घर होतं ना? तिने आपलं नाव सांगितलं. टॅमसिन. वडील वारले होते.

अबायजाने चौकट धरली. मग त्याने विचारलं, "त्यांनी आमच्याबद्दल काही सांगितलं होतं का?"

बाई आठवू लागली. तिच्या चेहऱ्यावर राग असा काही नव्हता. "समोर फार चांगला पिंपवाला राहायचा म्हणायचे. नाव कधी सांगितलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे का, कोण होता?"

अबायजा म्हणाला, "आत या. भाकरी आहे, बसा."

ती म्हणाली, भरती उतरायच्या आत गलबत निघणार, थांबता येणार नाही. आभार मानून ती निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत तो उभा राहिला आणि मग त्याने आपलं नाव सांगितलं, मोठ्याने, गल्लीत कुणी नसताना.

तो गेल्यावर घर विकलं गेलं. नव्या मालकाने काचा बसवलेलं दार आणलं. मी आता खाडीकाठी एका खुराड्याला आडवा टेकलेलो आहे. कोंबड्या माझ्या आडोशाला बसतात, वाऱ्यापासून बचाव होतो त्यांचा. उन्हाळ्यात स्वातंत्र्याचा दिवस साजरा होतो, तेव्हा वर गावात ती कलमं मोठ्याने वाचतात. इथपर्यंत ऐकू येतं. फार सुंदर शब्द आहेत.

माझं एवढंच मागणं आहे. ते शब्द वाचाल तेव्हा स्वतःच्या घरात बसून वाचू नका. ज्याचं तोंड बघायची तुमची इच्छा नाही, त्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन वाचा. ते मुळात त्याच्यासाठी लिहिलेत.

आता वारा वाढलाय. कोंबड्या आत यायला लागल्या. बरंय, थांबतो.