मधल्या खुर्चीतला आवाज

दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग दिसला आणि डॉक्टरीणबाईंनी ओळखलं, आजही बैठक भरली आहे. दिवसभर लोकांच्या कानांत डोकावून मान आखडली होती. घरी जाऊन आडवं व्हावं एवढीच इच्छा होती. पण हल्ली स्वतःच्या घरात शिरायचं तर माणसं ओलांडावी लागत. दिवाणखान्यात शेजारीपाजारी, नवऱ्याच्या ऑफिसातले दोघे, खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई, सगळे दाटीवाटीने बसलेले. समोर दोन उंच स्पीकर आणि त्यांच्या मधोमध सासऱ्यांची रिकामी खुर्ची. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खुर्चीच्या अगदी समोर, बँडेज बांधलेला पाय स्टुलावर ठेवून सासूबाई बसल्या होत्या.

सासरे हयातभर बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी त्यांच्याकडून त्या सगळ्या घोषणा हौसेने पुन्हा म्हणवून घेतल्या होत्या, त्याची टेप घरात होती. ते गेल्यावर सासूबाईंनी अंथरूण धरलं, तेव्हा कोणीतरी नादगुरू म्हणवणाऱ्या एकाला घेऊन आलं. हा गृहस्थ पूर्वी समारंभांना लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा. आता आत्मे पुरवायचा.

त्याने स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, तोंडं किंचित आत वळवली, दोरीने अंतरं मोजली आणि सासूबाईंची जागा नेमून दिली. मग टेप लावली. आवाज ना डावीकडून आला, ना उजवीकडून. तो आला थेट रिकाम्या खुर्चीतून. सासूबाई ढसाढसा रडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून घराची धर्मशाळा झाली.

एकेकाला त्या जागेवर बसवून अनुभव दिला जाई. कडेला बसलेल्या कोणाला आवाज जवळच्या स्पीकरमधून आल्यासारखा वाटला, तर नादगुरू खेदाने मान हलवून सांगे की तुमची पात्रता अजून कच्ची आहे. नाचता येईना अंगण वाकडं, तसलाच प्रकार. पण चारचौघांत स्वतःला कच्चं कोण म्हणवून घेणार? लोक गुपचूप माना डोलावत. शिवाय त्या घरात सासऱ्यांच्या खुर्चीला ते असतानाही कोणी हात लावला नव्हता. ती सरकवून आवाजही सरकतो का पाहावं, हा विचार कोणाच्या मनाला शिवणं शक्यच नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तर डॉक्टरीणबाई बोलल्याही नसत्या. म्हातारीला विरंगुळा मिळतोय, मिळू दे. पण सासूबाईंना मधुमेह होता आणि पायाची जखम चिघळत चालली होती. ताबडतोब भरती करा, नाहीतर पाऊल कापावं लागेल, असं सर्जनने बजावलं होतं. आणि टेपवर सासरे खणखणीत आवाजात सांगत, "गाडी थोड्या उशिराने सुटेल. प्रवाशांनी कृपया आपली जागा सोडू नये."

नादगुरूने याचा अर्थ लावला. गाडी म्हणजे उपचार. जागा म्हणजे ही बैठक. जागा सोडलीत तर आत्मा वाट चुकेल.

सासूबाईंनी जागा सोडली नाही. सुनेने समजावून सांगितलं, रागावून सांगितलं, हात धरून सांगितलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. नवरा म्हणे, आईचं मन मोडवत नाही.

त्या संध्याकाळी खोलीत शिरताच बाईंना जखमेचा वास आला. त्यांनी पर्स खाली ठेवली, सरळ पुढे गेल्या आणि टेप बंद करून त्याच स्पीकरांवर रेडिओ लावला. बातम्या चालू होत्या.

"आई, आवाज कुठून येतोय?"

सासूबाईंनी गोंधळून खुर्चीकडे बोट केलं.

नादगुरू गडबडला नाही. वाट मोकळी दिसली की परके आत्मेही शिरतात, असं त्याने गंभीरपणे सांगितलं.

"तो बातम्या देणारा जिवंत आहे," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "उद्या सकाळीही बातम्या देईल."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी टेप पुन्हा लावली, आणि नवरा नको नको म्हणत असताना डावा स्पीकर सासूबाईंच्या दिशेने हळूहळू ओढत नेला. सासरे खुर्चीतून उठले, डावीकडच्या छत्र्यांच्या स्टँडकडे सरकले आणि शेवटी डाव्या स्पीकरमध्ये जाऊन बसले. बाईंनी स्पीकर मागे नेला, सासरे परत खुर्चीत. सासूबाईंचं बोट त्या आवाजाबरोबर फिरत होतं.

मग बाईंनी दवाखान्यात पेशंटला सांगतात तसं सांगितलं. आवाज कुठून आला हे कान एकटे ठरवत नाहीत. दोन्ही कानांत तो कधी आणि किती जोरात पोचला, यावरून मेंदू अंदाज बांधतो. दोन स्पीकरमधून एकच आवाज सारख्याच अंतरावरून, सारख्याच जोराने आला, की मेंदूला वाटतं, बोलणारा बरोबर मध्ये आहे. म्हणून तर नेमून दिलेली जागा, म्हणून ती दोरी. जरा कडेला सरकलं की जवळचा स्पीकर आधी ऐकू येतो आणि आत्मा रुसतो. घरात गाणी ऐकणारे हौशी लोक स्पीकर असेच मांडतात. त्यांच्याकडे गायक मध्ये येतो, कोणी मेलेला असावा लागत नाही.

स्पष्टीकरण संपेपर्यंत नादगुरू दोरी गुंडाळून निघूनही गेला होता. लोक पायांत चपला सरकवत होते. जाताना कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

"म्हणजे हे आलेच नव्हते," सासूबाई म्हणाल्या.

"नाही, आई."

असं सांगताना बाईंना फार वाईट वाटलं. त्या सासूबाईंजवळ जमिनीवरच बसल्या.

"रोज विचारायचे गं त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "पाय फार ठणकतो, जाऊ का दवाखान्यात? हे रोज म्हणायचे, जागा सोडू नको. तेव्हाच कळायला हवं होतं मला. हे असते ना, तर पहिल्याच दिवशी मला उचलून नेलं असतं."

नवऱ्याने गाडीची किल्ली घेतली.

पाऊल वाचलं. दोन बोटं गेली. आठवडाभर आधी आणलं असतं तर तीही वाचली असती, असं सर्जन म्हणाला. त्या बोटांचा जाब नादगुरूला कोणी विचारला नाही. तो दोन गल्ल्या पलीकडे, मुलगा गमावलेल्या एका घरात स्पीकर मांडतोय असं कानावर आलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गार झालेला चहा नुकताच तोंडाला लावला होता. त्यांनी कप खाली ठेवला आणि चपला घातल्या. दुसरं कोण जाणार?

लोकहो, चमत्कार ऐकायचा तर खुशाल ऐका. फक्त नेमून दिलेल्या जागेवरून एकदा उठा, दोन पावलं बाजूला सरका आणि मग ऐका. जे खरं असतं, ते तुम्ही सरकल्याने पळून जात नाही.