बिनमिठाची कोंबडी

"हट्! चल, नीघ इथून!"

देल्फिनाच्या आवाजाने एरवी मोटारी थांबतात. शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देण्याचं तिचं काम. पण रस्त्याच्या मधोमध उभा असलेला कायोटी, कोल्ह्याहून थोडा मोठा रानटी लांडगा, जागचा हलला नाही. उलट तिच्यापुढे येऊन बसला आणि त्याने उजवा पंजा पुढे केला.

 आमच्या टेकडीवर कायोटी काही नवे नाहीत. मांजरं घरात ठेवायची, कचऱ्याचं झाकण घट्ट लावायचं, तो दिसला की ओरडायचं, हे देल्फिनानेच दारोदार फिरून आम्हाला शिकवलेलं. रानातल्या जिवाने माणसाला भ्यायलाच हवं, हे तिचं पालुपद. आणि हा चक्क हात मिळवायला बसलेला! तेवढ्यात पहिलीतली एक पोरगी हात पुढे करून त्याच्याकडे धावली. देल्फिनाने तिला दप्तराला धरून मागे खेचलं. मी त्यांची शेजारीण, तिथेच बाजूला उभी होते; हातातला कॉफीचा पेला भिरकावला, तेव्हा कुठे तो गेला, तोही रमतगमत.

"दोन्या देल्फिना, कुणीतरी हातानं भरवतंय ह्याला," मी म्हणाले. वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे मानाने दोन्या म्हणतात.

ती पांढरीफटक पडली होती. "आमच्या चातोला एवारिस्तोनं अस्साच पंजा द्यायला शिकवला होता गं."

चातो म्हणजे तिचा मेलेला कुत्रा आणि एवारिस्तो तिचा नवरा. जन्मभर फरश्या बसवून गुडघे गेलेला, परसात एकटाच बसून असणारा. शाळा भरल्यावर मी तिच्याबरोबरच घरी गेले. तो पातेलं मांडीवर घेऊन कोंबडी सोलत होता. कायोटीला तूच भरवतोस ना, देल्फिनाने विचारलं.

"उकडूनच देतो. मीठ नाही घातलं कधी," तो म्हणाला. जणू तक्रार मिठाचीच होती!

"म्हाताऱ्या, पोरीचा हात गेला असता आज! उद्या वन्यजीव खात्याची माणसं येतायत. तो त्यांना बघून पळाला तर वाचला. नाहीतर गोळी घालतील."

"गोळी? त्यानं काय केलंय?"

"त्यानं नाही. तू केलंस."

एवारिस्तोने पातेलं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "आता काय करू?"

"हाकल. तूच हाकल. माझं कुठं ऐकतो तो?"

संध्याकाळी कायोटी कुंपणावरून उडी मारून आत आला. एवारिस्तोने दगड मारला, मुद्दाम बाजूला. कायोटी लगबगीने जाऊन तो दगड हुंगू लागला. मला बघवेना.

"नीट मार," देल्फिना म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

दुसरा दगड बरगडीत बसला. कळवळून तो कुंपणापलीकडे गेला आणि चढावर थांबून वळला.

"उठून उभा राहा. हात वर कर. मोठा दिस त्याला."

एवारिस्तो धडपडत उठला, दोन्ही हात वर करून ओरडला. एवढा आवाज त्याच्यात असेल असं वाटलं नव्हतं. वाळल्या गवतात शेपूट दिसेनाशी झाली.

"गेला तो," थोड्या वेळाने देल्फिना म्हणाली. "घे हात खाली."

"थांब. बघत असेल अजून."

त्याचे हात थरथरायला लागले होते. त्याने ते खाली घेतले नाहीत.